इंजिनाची ऊब



कॅनडा देशाच्या मध्यभागी विनिपेग नावाचे मोठे शहर आहे. शहर सोडले की चहूकडे सपाट माळ आणि गव्हाची शेते. या शहरात हिवाळ्यात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला एक गोष्ट पाहून हटकून नवल वाटते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींच्या पुढच्या जाळीतून विजेच्या वायरीचे एक टोक लोंबत असते, आणि त्या टोकाला आपल्या इस्त्रीच्या वायरीला असते तशी पिन असते. "ही मोटार विजेवर चालते काय हो?" असे नवखा माणूस विचारतो. "छे, छे! पेट्रोलवर चालते." "मग ही शेपटी कशाला?" "इंजिनाला ऊब द्यायला!"

आपल्याला याची गंमत वाटते, कारण आपली चिंता नेमकी उलटी. घाट चढताना मोटार तापते, रेडिएटरमधून वाफ येते, मग ड्रायव्हर ती बाजूला घेतो, बॉनेट उघडतो आणि डबाभर पाणी शोधू लागतो. इंजिन गार कसे राहील हे आपण पाहायचे, आणि इंजिन गारठणार कसे नाही हे त्यांनी पाहायचे. आज आपण त्यांची बाजू समजावून घेऊ. हा प्रश्न केवळ परदेशातला आहे असेही नाही. आपल्याच देशात लडाखला, द्रासला, कारगिलला प्रत्येक हिवाळ्यात तो उभा राहतो, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून सैन्यात गेलेल्या अनेक मुलांचा तिथे त्याच्याशी रोजचा सामना असतो.

आधी थंडी किती, ते पाहू. निफाडकडे किंवा महाबळेश्वराला पारा चार-पाच अंशांवर आला की आपण म्हणतो, थंडी मी म्हणते आहे! पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. आइस्क्रीम साठवण्याच्या पेटीत शून्याखाली सुमारे १८ अंश असतात. विनिपेगला जानेवारीच्या रात्री साधारणपणे त्याहूनही अधिक गारठ्याच्या असतात, आणि पारा शून्याखाली ३० अंशांवर जाणे हे तिथे कुणाला अपूर्वाईचे वाटत नाही. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरी तो ४० च्याही खाली उतरतो. शिक्षक बंधुभगिनींना वर्गात विचारण्यासारखा एक प्रश्न येथे सांगून ठेवतो: सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मोजमापांत एकच आकडा कुठे येतो? उत्तर, शून्याखाली ४०. तिथे दोन्ही मापे जुळतात.

अशा रात्री मोटार बाहेर उभी राहिली आणि पहाटे चालू झाली नाही, तर ती नुसती गैरसोय नसते. वस्तीपासून दहा-वीस मैलांवर शेतात राहणारे कुटुंब असेल, घरात पोर तापाने फणफणले असेल, तर दवाखान्यापर्यंत पायी जाण्याचा प्रश्नच नसतो. उघड्यावरच्या त्या गारठ्यात बोटे आणि कान थोड्याच वेळात बधिर होतात. म्हणून त्या मुलखात इंजिनाची काळजी ही घराच्या काळजीचाच भाग मानतात.

आता थंडीने इंजिनाचे अडते तरी काय? मुख्य अडचणी तीन: वंगण, बॅटरी आणि इंधन.

पहिली अडचण वंगणतेलाची. पौष महिन्यात खोबरेल तेलाची बाटली सकाळी उपडी केली तरी थेंब पडत नाही. उन्हात ठेवली की तेल पुन्हा वाहू लागते. काकवीचेही तसेच, उन्हाळ्यात तिची धार सुटते, थंडीत ती चमच्याला चिकटून बसते. इंजिनातले वंगण खोबरेलासारखे एकदम थिजत नाही, परंतु काकवीसारखे घट्ट घट्ट होत जाते. मग त्या चिकट वंगणातून दट्ट्ये हलवायला आणि मधला दांडा फिरवायला कितीतरी अधिक जोर लागतो. शिवाय वंगण इंजिनाच्या वरच्या भागांपर्यंत पोहोचायला उशीर लागतो, आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडे घासते. गारठलेले इंजिन चालू करताना होणारी झीज ही अशी होते.

वंगणाच्या डब्यावर '५-डब्ल्यू-३०' किंवा '१५-डब्ल्यू-४०' असे छापलेले आपण पाहिले असेल. त्यातले 'डब्ल्यू' हे 'विंटर' म्हणजे हिवाळा या शब्दाचे आद्याक्षर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते वंगण थंडीत पातळ राहते. '१५-डब्ल्यू' वंगणाची परीक्षा शून्याखाली २० अंशांवर घेतात, '५-डब्ल्यू'ची ३० अंशांवर, आणि '०-डब्ल्यू'ची ३५ अंशांवर. तेव्हा थंड मुलखात जाणाऱ्या माणसाने पहिले काम करायचे ते योग्य वंगण भरण्याचे. त्याला काही वीज लागत नाही.

दुसरी अडचण बॅटरीची. बॅटरीतून वीज निघते ती आतल्या रासायनिक क्रियेमुळे, आणि ही क्रिया थंडीत मंदावते. त्यामुळे कडक गारठ्यात बॅटरीचा जोर निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो. म्हणजे पाहा, वंगण घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर लागणार अधिक, आणि जोर देणारी बॅटरी मात्र अर्धमेली! त्यात बॅटरी उतरलेली असेल तर आणखी एक संकट असते. पूर्ण भारलेल्या बॅटरीतले आम्ल शून्याखाली ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. परंतु उतरलेल्या बॅटरीत आम्ल कमी आणि पाणी जास्त असते, त्यामुळे ती शून्याखाली दहाएक अंशांवरच गोठते आणि तडकते.

तिसरी अडचण इंधनाची. पेट्रोल त्या थंडीत गोठत नाही, पण त्याची वाफ नीट होत नाही, आणि वाफ झाल्याशिवाय ठिणगीने ते पेटत नाही. म्हणून गार इंजिनात पेट्रोल जास्त सोडावे लागते. त्यातले काही न जळता धुराबरोबर बाहेर जाते, आणि काही सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून वंगणात मिसळते. डिझेलची कथा वेगळी आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटते. सभोवारचे लोखंड बर्फासारखे थंड असेल तर दाबलेल्या हवेची उष्णता तेच पिऊन टाकते. शिवाय डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडी वाढली की त्यांचे बारीक कण जमतात, डिझेल गढूळ दिसू लागते, गाळणी बुजते आणि इंजिनाची उपासमार होते.

या तिन्हींच्या जोडीला पूर्वी चौथे संकट होते, ते रेडिएटरमधल्या पाण्याचे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. त्या फुगण्याचा जोर एवढा असतो की इंजिनाचे बिडाचे ओतीव अंगसुद्धा तडकते. म्हणून जुन्या काळी थंड देशातले मोटारवाले रात्री तोटी उघडून सगळे पाणी काढून टाकीत आणि सकाळी कढत पाणी भरीत. आता पाण्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य मिसळतात. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मे निम्मे घेतले तर ते मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. त्यामुळे हे संकट बरेचसे टळले आहे. एक सावधगिरी मात्र हवी. हे द्रव्य चवीला गोडसर पण विषारी असते. ते मुलांच्या व जनावरांच्या तोंडी लागता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संध्याकाळी घरी आलेल्या मोटारीचे इंजिन चांगले कढत असते, ९० अंशांच्या आसपास. ती ऊब सकाळपर्यंत टिकवता येणार नाही काय? सहज सुचणारा उपाय म्हणजे पांघरूण घालणे. परंतु पांघरूण नेमके काय करते, हे येथे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

गोधडी अंगावर घेतली की आपल्याला ऊब येते, म्हणून आपण म्हणतो की गोधडी ऊबदार आहे. खरे पाहता गोधडीत स्वतःची ऊब काडीइतकीही नसते. ऊब असते आपल्या शरीराची. खाल्लेल्या अन्नातून ती क्षणोक्षणी तयार होत असते, आणि गोधडी तिला बाहेर पळू देत नाही, एवढेच. आपण गोधडीत जन्मभर निजलो तरी गार पडणार नाही. पण त्याच गोधडीत तापवलेला दगड गुंडाळून ठेवला तर सकाळी तो गारच सापडेल, फक्त उशिरा गार होईल. बंद असलेले इंजिन म्हणजे हा तापवलेला दगड. पांघरूण घातल्याने तासा-दोन तासांचा दिलासा मिळतो, पण शून्याखाली ३० अंशांची दहा-बारा तासांची रात्र नुसत्या पांघरुणाने निभत नाही.

हा प्रयोग शाळेत अगदी सोपा आहे. सारख्या मापाच्या दोन बाटल्या घ्याव्यात, दोन्हींत सारखेच कढत पाणी भरावे. एकीभोवती जुने लुगडे चार पदरी गुंडाळावे, दुसरी तशीच ठेवावी. दर पंधरा मिनिटांनी तापमापक घालून दोन्हींचे आकडे फळ्यावर मांडावेत. मुलांना दोन गोष्टी दिसतील. उघडी बाटली लवकर निवते, ही एक. आणि दुसरी, पाणी फार कढत असते तेव्हा आकडा भराभर उतरतो, मग जसजसे ते खोलीच्या हवेजवळ येते तसतशी उतरण मंदावते. वस्तू आणि हवा यांच्या तापमानात जितके अंतर अधिक, तितकी उष्णता वेगाने जाते. न्यूटनने सांगितलेला निवण्याचा नियम तो हाच. तिसरी बाटली पंख्यासमोर ठेवली तर आणखी एक उलगडा होईल. वाऱ्याने पाणी लवकर निवते, पण खोलीतल्या हवेहून फारसे खाली जात नाही. ओल्या कापडात गुंडाळले तर गोष्ट निराळी. म्हणूनच थंड देशात वारा सुटला की इंजिन लवकर गारठते, पण हवेच्या खाली जात नाही. मोटार भिंतीच्या आडोशाला लावावी असे तिथे सांगतात, त्याचे कारण हे.

म्हणजे पांघरुणाने भागत नाही, उष्णता बाहेरून दिली पाहिजे. ती कशी द्यायची, याचे लोकांनी नाना प्रकार करून पाहिले. अलास्कात लहान विमाने चालवणारे वैमानिक संध्याकाळी उतरले की वंगण गरम असतानाच डब्यात काढून घेत आणि तो डबा आपल्याबरोबर मुक्कामाच्या खोलीत नेत. सकाळी ते वंगण शेगडीवर तापवून पुन्हा इंजिनात ओतीत. इंजिनावर कॅनव्हासचे आच्छादन टाकून त्याखाली एक भट्टी पेटवून ठेवीत, आणि पेट घेऊ नये म्हणून शेजारी जागता पहारा असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या हिवाळ्यात, मॉस्कोच्या रोखाने गेलेल्या जर्मन सैन्याच्या मोटारी आणि रणगाडे रशियाच्या थंडीने जागच्या जागी जखडून गेले. सैनिक त्यांच्याखाली जाळ करून ते चालू करण्याची धडपड करीत होते. रशियन लोकांना त्या थंडीची सवय होती. वंगणात थोडे पेट्रोल मिसळून ते पातळ ठेवायचे, म्हणजे सकाळी इंजिन फिरते आणि ते तापले की पेट्रोल उडून जाते, ही युक्ती त्यांच्याकडे होती.

आणखी एक उपाय म्हणजे इंजिन रात्रभर बंदच न करणे. याकुत्स्कसारख्या ठिकाणी तासन् तास इंजिने चालू ठेवलेली आढळतात. काही मोटारींत असे यंत्र बसवतात की इंजिन ठराविक मर्यादेखाली निवले की ते आपोआप सुरू होते, थोडा वेळ चालते आणि बंद पडते. तिथे अख्ख्या मोटारीवर जाड वाकळ पांघरण्याचीही चाल आहे. चालू इंजिन स्वतः उष्णता निर्माण करते, म्हणून तिथे वाकळीचा खरा उपयोग होतो. पण यात इंधन जळते, धूर होतो आणि इंजिन विनाकारण झिजते.

मग विजेचा उपाय आला. अमेरिकेच्या उत्तर सीमेवर नॉर्थ डकोटा नावाचे राज्य आहे, कॅनडाच्या गव्हाच्या मुलखाला लागूनच. तिथल्या ग्रँड फोर्क्स गावी अँड्र्यू फ्रीमन नावाचे गृहस्थ होते. शेतकऱ्यांना वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्थेचे ते व्यवस्थापक. आपल्याकडे साखरेचे आणि दुधाचे सहकार आहेत, तसे तिकडे विजेचे. गारठलेल्या इंजिनावर त्यांनी शोधलेला उपाय साधा होता. इंजिनाचे डोके घट्ट धरून ठेवणारे जे बोल्ट असतात त्यांपैकी एक काढायचा, आणि त्याच्या जागी आतून पोकळ, विजेने तापणारा बोल्ट बसवायचा. त्याची वायर पुढे जाळीतून बाहेर काढायची आणि रात्री भिंतीवरच्या खुंटीत, म्हणजे प्लगात, जोडायची. या बोल्टचे पेटंट त्यांना १९४९ साली मिळाले. शेतकऱ्याच्या घरी वीज आली ती दिव्यासाठी. तिने गोठलेल्या मोटारीचीही सोय केली.

पुढे या उपकरणाचे रूप बदलले. इंजिनाचे बिडाचे अंग ओतताना त्यात काही भोके राहतात, ती पत्र्याच्या बुचांनी बंद केलेली असतात. त्यातले एक बूच काढून तिथे आता तापणारी कांडी बसवतात. आपण बादलीत पाणी तापवायला जी विजेची कांडी सोडतो, तिचीच ही धाकटी बहीण. ती इंजिनाभोवतालच्या पाण्यात बुडालेली असते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी त्याच्या जागी खाली येते, आणि असा फेरा चालू राहून सगळे इंजिन हळूहळू कोमट होते. याशिवाय वंगणाच्या तबकाला खालून चिकटवायची तापणारी गादी मिळते, आणि बॅटरीभोवती गुंडाळायचा तापणारा पट्टाही मिळतो. विनिपेगच्या मोटारींची शेपटी ती हीच. घरांपुढे, कचेऱ्यांपुढे, मोटारी उभ्या करण्याच्या पटांगणांत त्यासाठी विजेचे खांब असतात.

आता हिशेब करू, कारण खरी मेख हिशेबात आहे. समजा, इंजिनाचे लोखंड १५० किलो आहे आणि त्यात पाणी, ग्लायकॉल व वंगण मिळून १० लिटर आहे. लोखंड एका अंशाने तापवायला पाण्याच्या सुमारे एकनवमांश उष्णता लागते. त्यावरून हे सगळे एका अंशाने तापवायला सुमारे २४ किलोकॅलरी पडतात. शून्याखाली ३० पासून शून्यापर्यंत, म्हणजे ३० अंशांनी, तापवायला ७२० किलोकॅलरी. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हा उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले, तर एका युनिटच्या आतच काम होते. कांडी ६०० वॅटची असेल तर दीड तास पुरे. पण इंजिन तापू लागले की हवा त्याच्याकडून उष्णता ओढू लागतेच, म्हणून प्रत्यक्षात दोन ते चार तास लागतात.

तीन-चार तासांनंतर काय होते? कांडी जितकी उष्णता देते तितकीच हवा घेऊन जाते, आणि इंजिनाचे तापमान एका जागी ठरते. त्यानंतर कांडी कितीही वेळ चालू ठेवली तरी इंजिन अधिक तापत नाही. आपण फक्त बाहेरची हवा तापवीत बसतो! भोक पडलेल्या रांजणात पाणी ओतण्यासारखे ते आहे. पातळी एकदा ठरली की ओतलेले सगळे भोकातून जाते. पाणी भरायला यायचे असेल सकाळी सहाला, तर रात्री आठपासून कशाला ओतायचे?

दहा तास कांडी चालू ठेवली तर सहा युनिट जळतात. पहाटेचे तीनच तास चालवली तर १.८ युनिट. एका रात्रीत चार युनिटांहून अधिक बचत. हिवाळ्याच्या १५० रात्री धरल्या तर सहाशेच्या वर युनिट वाचतात, आणि सकाळी इंजिन मात्र तितकेच कोमट असते. म्हणून तिकडचे जाणते लोक वायरीला घड्याळाची कळ बसवतात. घड्याळ पहाटे तीनला वीज चालू करते, सहाला मालक चहा पिऊन येतो, वायर काढून गुंडाळतो आणि किल्ली फिरवतो. तेव्हा 'इंजिन रात्रभर गरम कसे ठेवावे' या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर असे: रात्रभर ठेवू नका, निघण्यापूर्वी द्या.

हे करताना तीन पथ्ये पाळतात. वायर जाड आणि उघड्यावर वापरण्याजोगी असावी. घरातली बारीक वायर ताणून नेली तर ती तापते आणि आग लागते. थंडीने वायरीचे आवरण ताठर होऊन तडकते, ते अधूनमधून तपासावे. आणि निघताना वायर काढायला विसरू नये.

उष्णता साठवण्याचाही एक चतुर प्रयत्न झाला. टोयोटा कंपनीच्या २००४ ते २००९ या सालांतल्या प्रिअस मोटारीत, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नमुन्यांत, थर्मासच्या बाटलीसारखी दुपदरी टाकी बसवली होती. इंजिनातले सुमारे तीन लिटर कढत पाणी ती पोटात घेई आणि तीन दिवसांपर्यंत गरम ठेवी. पुन्हा निघताना ते आधी इंजिनात फिरवले जाई. सगळे इंजिन गरम ठेवणे शक्य नाही, पण त्यातली थोडी उष्णता चांगल्या भांड्यात जपता येते. आपल्याकडे रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून सकाळी त्यावरच चूल पेटवीत, त्यातलाच हा विचार.

आता आपल्या लडाखकडे येऊ. तिथे उंची फार, वस्ती विरळ, आणि मोटारी बहुतेक डिझेलच्या. थंडीत डिझेलमध्ये मेण जमते हे आपण पाहिले. मग ट्रक-ड्रायव्हर काय करीत? टाकीखाली स्टोव्ह पेटवीत किंवा जाळ करीत! जीव मुठीत धरून केलेला तो उद्योग. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल पुरवायला सुरुवात केली. पानिपतच्या कारखान्यात ते तयार झाले, आणि शून्याखाली ३३ अंशांपर्यंत ते वाहते राहते. कांडी, पांघरूण, जाळ या सगळ्यांच्या आधी जे सुचायला हवे ते येथे केले गेले. इंधनच असे घ्यायचे की त्याला तापवावे लागू नये. जिथे विजेचा खांब नाही तिथे ट्रक आणि लष्करी गाड्या यांसाठी टाकीतल्याच इंधनावर चालणारी लहानशी बंद भट्टीही मिळते. तिचा जाळ आत असतो, धूर नळीने बाहेर जातो, आणि तापलेले पाणी इंजिनात फिरते.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या म्हणून हा विषय संपला, असे कुणी समजू नये. त्यांना तेल नाही, इंजिन नाही. पण मोठी बॅटरी आहे, आणि थंडीत तिचाही जोर कमी होतो, भरायलाही वेळ लागतो. नॉर्वे हा थंड देश. तिथे २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी दहात जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तिकडचे लोक निघण्यापूर्वी, वायर भिंतीला जोडलेली असतानाच, बॅटरी आणि आतली बसायची जागा तापवून घेतात. म्हणजे त्या कामाला बॅटरीतली वीज खर्ची पडत नाही. मोटार बदलली, नियम तोच राहिला.

आपल्या ट्रॅक्टरवाल्यांनाही यातून काही घेण्यासारखे आहे. नाशिककडच्या गार सकाळी डिझेलचा ट्रॅक्टर कुरकुरतो. आपल्या थंडीला कांडीबिंडीची गरज नाही. बॅटरी भारलेली ठेवावी, वंगण कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे घालावे. इंजिनात तापणारा प्लग असेल तर किल्ली अर्धी फिरवून त्याचा दिवा विझेपर्यंत थांबावे, मगच इंजिन फिरवावे. चालू झाल्याबरोबर पाय दाबून त्याला रेकायला लावू नये. वंगण वरपर्यंत पोहोचू द्यावे आणि मग हळू चालीने कामाला लावावे. टाकीखाली किंवा इंजिनाखाली जाळ करण्याच्या फंदात मात्र कुणी पडू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती थंड देशाइतकीच आपलीही आहे. चालू इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासाबरोबर तो रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते झोप आली, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. इंजिन गरम राहावे म्हणून बंद मोटारखान्यात ते चालू ठेवणारे, बर्फात अडकल्यावर धुराची नळी बर्फाने बुजली असतानाही इंजिन चालू ठेवून मोटारीत बसून राहणारे, असे कितीतरी लोक या वायूने गेले आहेत. धुराची नळी मोकळी आहे ना, हे पाहिल्याशिवाय बर्फात इंजिन चालू ठेवू नये, आणि दार उघडे असले तरी मोटारखान्यात ते चालू ठेवून उभे राहू नये.

हाच वायू कोळशाच्या शेगडीतही तयार होतो. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून, खोलीत धगधगती शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत आढळली, अशा बातम्या आपल्याकडेही येतात. वीज गेली म्हणून बंद दुकानात जनरेटर चालवणे हाही तसलाच जीवघेणा प्रकार. तेव्हा शेगडी निजण्यापूर्वी बाहेर काढावी, जनरेटर मोकळ्या हवेत आणि खिडक्यांपासून दूर ठेवावा. आणि एखाद्या खोलीत चार जणांचे डोके एकदमच दुखू लागले, तर थंडीकडे न पाहता सगळ्यांनी आधी बाहेर यावे. गुरुजींनी वर्गात एवढे एक सांगितले, आणि एखाद्या मुलाने घरी जाऊन ते आजीच्या कानावर घातले, तरी आजच्या या भाषणाचे चीज झाले.